गाडी नाही, पण पार्किंग हवं: रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये कुणी न विचारलेला प्रश्न

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळले तिथे वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.)

 

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मीटिंग झाली. आम्ही कांदिवली पश्चिमेला, डहाणूकरवाडीत राहतो. तळमजला अधिक तीन मजल्यांची, १९८४ ची बिल्डिंग. ३२ फ्लॅट, लिफ्ट नाही, आणि पावसाळ्यात जिन्यात दोन बादल्या कायमच्या. मीटिंगचा विषय एकच, रिडेव्हलपमेंट. तीन बिल्डरांच्या ऑफर आल्या होत्या आणि सेक्रेटरी काका त्या मोठ्याने वाचून दाखवत होते.

आमचं घर ४०० स्क्वेअर फूट कार्पेट. पहिली ऑफर ५४० ची, दुसरी ५२० ची पण कॉर्पस जास्त, तिसरी ५६० ची पण ट्रान्झिटचं भाडं इतकं कमी की त्यात आम्हाला थेट नालासोपाऱ्याला जावं लागलं असतं. तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी होती. प्रत्येक सभासदाला एक कार पार्किंग. ते वाचलं आणि गच्चीवर पहिल्यांदा टाळ्या पडल्या. मग माझे बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "एकच? दोन नाही का मिळणार?"

माझ्या बाबांना गाडी चालवता येत नाही. आमच्याकडे गाडी नाही, कधी नव्हती. मी रोज मेट्रोने अंधेरीला जाते, आई बसने भाजीला जाते, बाबा चालत जातात आणि वाटेत सगळ्यांशी बोलत बसतात.

घरी आल्यावर विचारलं, "बाबा, पार्किंगचं काय करणार आपण?" ते म्हणाले, "अगं, ती प्रॉपर्टी आहे." झालं, विषय संपला. म्हणजे त्यांच्या बाजूने संपला. माझं डोकं तिथून सुरू झालं, आणि आजचा एपिसोड त्यातूनच निघालाय.

आधी मुळातला प्रश्न. बिल्डर आपल्याला जुन्या घराच्या बदल्यात मोठं घर फुकटात कसं देतो? आमच्या वयाच्या खूप जणांच्या घरी हे चाललंय, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर 'एफएसआय, टीडीआर, फंजिबल' असे शब्द फिरत असतात. आपण अंगठा दाखवून पुढे जातो.

एफएसआय म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येईल ते. १,००० चौरस मीटरचा प्लॉट आणि एफएसआय १ असेल, तर सगळे मजले मिळून १,००० चौरस मीटर. मुंबईच्या उपनगरांत मूळ एफएसआय १ आहे, आमची बिल्डिंग त्यातच बसलेली. पण २०१८ मध्ये लागू झालेल्या विकास नियमावलीत, म्हणजे ज्याला सगळे 'डीसीपीआर २०३४' म्हणतात त्यात, या १ वर आणखी दोन थर चढवता येतात. एक, सरकारला प्रीमियम भरून विकत घेतलेला जादा एफएसआय. दुसरा टीडीआर. शहरात कुठेतरी कुणाची जमीन रस्त्यासाठी किंवा बागेसाठी गेली, तिच्या मोबदल्यात त्याला बांधकामाच्या हक्काचं सर्टिफिकेट मिळालं, ते तो आपल्या बिल्डरला विकतो. दुसऱ्याच्या अंगणातलं बांधकाम आपल्या डोक्यावर येऊन बसतं, असं समजा.

हे दोन थर किती चढतील हे कशावर ठरतं? इथे मी थांबले आणि तोच परिच्छेद तीनदा वाचला. ते ठरतं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. नियमावलीच्या मूळ तक्त्यात उपनगरांसाठी असं आहे: रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर एकावरच थांबा. नऊच्या वर गेलात की एकूण दोन. बाराच्या वर २.२. अगदी रुंद रस्त्यावर अडीचपर्यंत. (या नियमांत अधूनमधून बदल होत असतात, आणि म्हाडा लेआउट किंवा क्लस्टर असेल तर गणितच वेगळं. तुमच्या सोसायटीचा नेमका आकडा तुमच्या आर्किटेक्टलाच विचारा.)

त्यावर फंजिबल. ही ३५ टक्क्यांची वाढ. तिची कथा मजेशीर आहे. पूर्वी बाल्कनी, फ्लॉवर बेड, असल्या गोष्टी एफएसआयमध्ये मोजत नसत. मग काय, प्रत्येक बिल्डिंगमध्ये एवढे फ्लॉवर बेड आले की मुंबई म्हणजे काश्मीर व्हायला हवी होती. फूल एकाही बेडमध्ये नाही, सगळे आत घेऊन हॉल मोठे केलेले. २०१२ मध्ये पालिकेने म्हटलं, बास, आता हे सगळं मोजणार, पण त्या बदल्यात ३५ टक्के जादा क्षेत्र घ्या. विक्रीच्या फ्लॅटसाठी त्याला प्रीमियम लागतो, जुन्या सभासदांच्या वाट्याला लागत नाही. म्हणून रिडेव्हलपमेंटच्या ऑफरमध्ये '३५ टक्के जादा' हा आकडा इतका ऐकू येतो. आमचे ४०० चे ५४० होतात ते बरोबर ३५ टक्केच. बिल्डरचं औदार्य वगैरे काही नाही त्यात.

आता सोपं गणित. १,००० चौरस मीटरचा प्लॉट, समोर बारा मीटरच्या वरचा रस्ता. २.२ ने २,२०० झाले, त्यावर ३५ टक्के, म्हणजे २,९७०. जुन्या लोकांचे १,००० होते, ते १,३५० झाले. उरले १,६२०. हे विकायचे. यातून बांधकामाचा खर्च, प्रीमियम, टीडीआर, आपलं तीन वर्षांचं भाडं, कॉर्पस, कर्जाचं व्याज आणि नफा, सगळं निघायचं. आपलं फुकटचं घर त्या १,६२० मध्ये नवीन राहायला येणाऱ्यांनी दिलेल्या पैशातून उभं राहतं. आणि १,६२० कुठून आले? समोरच्या रस्त्यातून.

रस्ता रुंद तर बिल्डिंग उंच, या नियमामागे तर्क आहे. जास्त माणसं राहायला आली तर त्यांना ये-जा करायला जागा हवी, बस जायला हवी, आगीचा बंब वळायला हवा. म्हणून मी एका रात्री ११ वाजता खाली उतरून आमच्या गल्लीतली जागा मोजली. आईला वाटलं मी कुणाला तरी भेटायला चाललेय. असो.

आमचा रस्ता कागदावर बारा मीटरचा. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर फूटपाथ धरा, उरले नऊ. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. एक गाडी आरशांसकट साधारण दोन मीटर खाते. उरले पाच. बेस्टची मोठी बस अडीच मीटरपेक्षा थोडी जास्तच रुंद असते. म्हणजे समोरासमोर दोन बसा आल्या तर एकीला मागे जावं लागणार. एफएसआय मिळतो बारा मीटरचा, आणि वापरायला उरतात पाच.

आमच्या कोपऱ्यावर हे रोज होतं. सकाळी साडेआठला बस वळणावर येते, तिथे एक पांढरी एसयूव्ही कायम उभी असते, समोरून टेम्पो येतो. पाच मिनिटं, कधी दहा. मागे रिक्षांची रांग, हॉर्नचा कालवा. ड्रायव्हर काय करणार बिचारा? त्या दहा मिनिटांत स्टॉपवरची निम्मी माणसं शेअर रिक्षात बसून निघून जातात. मग लोक म्हणतात, "बसचा काही भरवसा नाही." बस खरं तर आलेली असते, दीडशे पावलांवर उभी असते.

आता परत पार्किंगकडे या.

एक गाडी उभी करायला नियमातली जागा अडीच मीटर बाय साडेपाच, म्हणजे साधारण १४८ स्क्वेअर फूट. आमचा हॉल १२० चा आहे. पण गाडी काही हवेतून त्या चौकोनात उतरत नाही, तिला आत यायला आणि वळायला वाट लागते. ती धरली की एका गाडीमागे जवळपास दुप्पट जागा जाते. एका रूम-किचनएवढी! ही जागा एफएसआयमध्ये मोजत नाहीत, म्हणून पोडियमवर पोडियम चढवता येतात आणि पहिलं घर थेट पाचव्या-सहाव्या मजल्यावर सुरू होतं. मोजत नाहीत म्हणजे फुकट असं मात्र नाही. त्यालाही खांब लागतात, स्लॅब लागतो, स्टील लागतं, रॅम्प किंवा गाड्यांची लिफ्ट लागते, स्प्रिंकलर लागतात. तो पैसा त्याच १,६२० मधून जातो, जिथून आपला कॉर्पस आणि भाडं येणार असतं.

आणि नंतर मेंटेनन्स. आमच्या आर्किटेक्टने अंदाज दिला की नव्या बिल्डिंगमध्ये महिन्याचा मेंटेनन्स आताच्या तीन-चार पट जाईल. माणसांच्या लिफ्ट, गाड्यांची लिफ्ट, पंप, जनरेटर, सिक्युरिटी. हे ऐकून गच्चीवर शांतता पसरली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांची सगळी मदार पेन्शनवर आहे, त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी माझ्याच घरात भाड्याने राहिल्यासारखं झालं ना?" कुणाकडे उत्तर नव्हतं. रिडेव्हलपमेंट झाल्यावर मेंटेनन्स झेपत नाही म्हणून फ्लॅट विकून विरारला किंवा बदलापूरला गेलेली माणसं तुमच्या ओळखीत असतील. माझ्या ओळखीत दोन कुटुंबं आहेत.

मग नियमच सांगतो का, प्रत्येकाला पार्किंग द्या? नाही. मला हे माहीत नव्हतं, बहुतेक तुम्हालाही नसेल. मुंबईच्या नियमावलीत ४५ चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घरांना चार घरांमागे एक पार्किंग लागतं. ४५ ते ६० मध्ये दोन घरांमागे एक. ६० ते ९० मध्ये घरामागे एक, आणि ९० च्या वर घरामागे दोन. (पाहुण्यांसाठी थोडं वेगळं.) आमचे ५४० स्क्वेअर फूट म्हणजे साधारण ५० चौरस मीटर. म्हणजे आमच्या ३२ घरांना नियमाने लागतात १६. ऑफरमध्ये आहेत ३२. वरचे १६ आपण मागतो म्हणून येतात.

आमच्या ३२ घरांत किती गाड्या आहेत सांगू? ११. टू-व्हीलर २७. प्लॅनवर टू-व्हीलरना जागा दिली होती कचऱ्याच्या खोलीशेजारी.

हे सगळं मी दुसऱ्या मीटिंगमध्ये बोलले. हात थरथरत होते, कारण ज्यांनी मला लहानपणी कडेवर घेतलंय त्यांच्यासमोर "तुमचं चुकतंय" म्हणणं सोपं नसतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "बाळा, आज तू मेट्रोने जातेस. उद्या लग्न झालं, मूल झालं, की पहिली गाडी घेशील. तेव्हा पार्किंग कुठून आणशील?" हे काही चुकीचं नाही. बिल्डिंग पन्नास वर्षांसाठी बांधतो आपण, माझ्या आजच्या सवयीसाठी नाही.

सेक्रेटरी काकांचा मुद्दा तर त्याहून पक्का होता. "तूच म्हणतेस रस्ता गाड्यांनी भरलाय. मग गाड्या आत घेतल्या तर रस्ता मोकळाच होईल ना?"

यावर मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. घरी येऊन वाचत बसले. अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, २०२५ मध्ये वारले. आयुष्यभर त्यांनी एकाच विषयावर काम केलं, पार्किंग. २००५ मध्ये त्यांचं सात-आठशे पानांचं पुस्तक आलं, आणि त्याचा गाभा असा की रस्त्यावरचं पार्किंग फुकट ठेवलंत, तर आत कितीही बांधा, रस्ता भरलेलाच राहणार. हे वाचल्यावर मी शेजारच्या नव्या टॉवरकडे बघितलं. तीन पोडियम आहेत. तरी गेटबाहेर गाड्यांची रांग. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "ताई, आत लिफ्टने गाडी काढायला वीस मिनिटं लागतात सकाळी. बाहेर लावलेली बरी." आतली जागा पहिल्या गाडीला, नाहीतर जुन्या कपाटाला. दुसरी गाडी रस्त्यावर.

जपानने उलट बाजूने सुरुवात केली. तिथे १९६२ पासून कायदा आहे की गाडी घ्यायची तर आधी घराजवळ ती उभी करायला जागा आहे याचा दाखला द्या. रात्रभर रस्त्यावर गाडी लावायला बंदी. म्हणून टोकियोच्या चिंचोळ्या गल्ल्यांतूनसुद्धा माणूस आरामात चालतो. आपल्याकडेही २०२५ मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी असा दाखला सक्तीचा करण्याची भाषा केली होती. तशी सक्ती आली तर आमच्या काकांचा मुद्दा आणखी भारी होतो, हेही मान्य करायला हवं. मला आतलं पार्किंग वाईट वाटत नाही. बाहेर फुकट आणि आत सगळ्यांवर सक्ती, ही जोडी वाईट आहे.

आता तुम्ही म्हणाल, घराच्या गोष्टीत मेट्रोचं काय? मेट्रो तर आधीपासून यात आहे.

आमची मेट्रो २अ. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, तिचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि तो आमच्या डहाणूकरवाडीलाच संपायचा. जानेवारी २०२३ मध्ये ती अंधेरी पश्चिमेपर्यंत गेली. तोपर्यंत आमच्या बिल्डिंगकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता तिन्ही बिल्डरांच्या ब्रोशरच्या पहिल्या पानावर मेट्रोचा फोटो आहे, खाली 'स्टेशनपासून चालत'. पुण्याच्या श्रोत्यांनो, तुमच्याकडे तर हे थेट नियमातच आलंय. मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात एफएसआय ४ पर्यंत जाऊ शकतो. कल्पना अशी की स्टेशनजवळ जास्त माणसं राहतील, ती मेट्रोने जातील, गाडी कमी लागेल. मग त्याच पट्ट्यात माणसागणिक पोडियम बांधला तर कल्पनेचं काय राहिलं, हे तुम्हीच सांगा.

आणि मेट्रोचे पैसेही घरांतूनच येतात, थोडे तरी. एप्रिल २०२२ पासून मुंबईत घर घेताना स्टॅम्प ड्युटीत १ टक्का मेट्रो सेस असतो. एक कोटीच्या फ्लॅटवर एक लाख रुपये. आमच्या बिल्डिंगमध्ये जे नवीन लोक फ्लॅट विकत घेतील, ते प्रत्येक जण मेट्रोसाठी पैसे भरून येणार आहेत. गाडी असो वा नसो.

पण मेट्रो काही दारात येत नाही. आमच्या घरापासून स्टेशन माझ्या पायांनी बारा मिनिटं. आईच्या गुडघ्यांनी पंचवीस. फूटपाथवर स्कूटर, मध्येच उघडं गटार, मग ती रस्त्यावर उतरते आणि मागून हॉर्न. म्हणून ती रिक्षा करते, मीटर पडतो २६ रुपयांवर. बसचं कमीत कमी तिकीट आहे १०. येऊन-जाऊन ५२ आणि २०. महिन्यातून वीस दिवस धरा, ६४० रुपयांचा फरक. आई बोलत नाही, पण हल्ली ती मेट्रोने मावशीकडे जाणं टाळते, "दगदग होते" म्हणते. दगदग मेट्रोत नाहीच. ती घर ते स्टेशन एवढ्या टप्प्यात आहे.

बेस्टची पहिली बस मुंबईत १५ जुलै १९२६ ला धावली. एके काळी चार हजारांच्या वर बसगाड्या होत्या, आता तीन हजारांच्या खाली. याच काळात शहरात मेट्रोच्या लाइनी वाढल्या. अ‍ॅक्वा लाइन तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून थेट कफ परेडपर्यंत गेली, साडेतेहतीस किलोमीटर. मी मेट्रोच्या बाजूची आहे, रोज तिच्यातूनच जाते. पण स्टेशनपर्यंत आणणारी बस कमी होत असेल आणि जी आहे ती आमच्या पांढऱ्या एसयूव्हीमागे अडकत असेल, तर मेट्रो फक्त माझ्यासारख्या धडधाकट पायांच्या माणसांची राहते.

तर तिसऱ्या मीटिंगला मी आकडे घेऊन गेले. एका कागदावर, मोठ्या अक्षरात, आजींना दिसेल असे. मागणी साधी ठेवली. बिल्डरांना दोन भाव विचारा. पार्किंगसह एक, पार्किंगशिवाय एक. ज्याला हवं त्याने घ्यावं, ज्याला नको त्याला तेवढी रक्कम कॉर्पसमध्ये मिळावी, आणि त्याने मेंटेनन्समध्ये गाड्यांच्या लिफ्टचा वाटा भरू नये. पुढे कधी गाडी घेतली तर सोसायटीकडे राखीव ठेवलेल्या काही जागांतून भाड्याने घ्यावी. हा राखीव जागांचा भाग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सुचवला, माझा नाही. आणि टू-व्हीलरना कचऱ्याच्या खोलीपासून हलवा.

बाबा म्हणाले, "पण पार्किंग विकता येतं ना नंतर?" इथे थोडी कायद्याची गोष्ट. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की बिल्डरला स्टिल्टमधलं आणि उघडं पार्किंग वेगळं काढून विकता येत नाही, ती सोसायटीची सामाईक जागा आहे. रेरा आल्यानंतर बंदिस्त, छत असलेल्या पार्किंगचे पैसे घेता येतात, उघड्या जागेचे नाहीत. म्हणजे 'प्रॉपर्टी' हा शब्द वापरण्याआधी आपल्याला मिळणारी जागा नेमकी कुठल्या प्रकारची आहे, करारात तिचा नंबर आणि माप लिहिलंय का, हे बघावं लागतं. आमच्या तीन ऑफरपैकी दोनांत फक्त 'एक कार पार्क' एवढंच होतं. कुठे, केवढं, यांत्रिक का साधं, काही नाही. बाबांनी चष्मा लावून ते स्वतः वाचलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणखी एक, तुमच्याकडे मीटिंग लागलीच तर. बिल्डर ठरवायच्या सभेला उपनिबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी हजर लागतो, व्हिडिओ शूटिंग लागतं, आणि २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे निम्म्याहून जास्त, ५१ टक्के सभासदांची संमती लागते. आमच्याकडे ३२ पैकी १७. एवढ्या माणसांत तुमचे आईबाबा असतात, आणि ते बहुतेक वेळा शेजाऱ्याने हात वर केला म्हणून हात वर करतात. ऑफरचा कागद आधी मागून घ्या. घरी वाचा. आपण मोबाइलवर अटी न वाचता 'ॲग्री' दाबतो ना, हे त्यातलं नाही.

मग झालं काय? हात वर करायला सांगितलं तेव्हा दोन भाव मागवण्याच्या बाजूने १९ हात होते. बाबांचा हात अर्धाच वर होता, पण सेक्रेटरी काकांनी तो मोजला. तिन्ही बिल्डरांना पत्र गेलं. एकाने कळवलं की असं करता येणार नाही, विक्रीवर परिणाम होतो. एकाचं उत्तर अजून आलेलं नाही. आणि एकाने, ५२० वाल्याने, दोन भाव पाठवलेत. फरक किती ते मी इथे सांगत नाही, कारण बोलणी चालू आहेत आणि सोसायटीतले तीन जण हा पॉडकास्ट ऐकतात. पण आजींनी तो आकडा बघून विचारलं, "एवढे? त्या चौकोनाचे?"

पांढरी एसयूव्ही अजून तिथेच आहे. तिच्यासाठी मी वॉर्ड ऑफिसला आणि ट्रॅफिक पोलिसांना दोन्हीकडे अर्ज लिहिलाय, वळणापासून वीस मीटर नो पार्किंग करा म्हणून. १४ शेजाऱ्यांच्या सह्या आहेत. त्यात एसयूव्हीच्या मालकाची नाही, अर्थात.

पुढची सभा येत्या रविवारी सकाळी दहाला, गच्चीवरच. तोवर तुम्ही एक करा. आज रात्री खाली उतरून तुमच्या सोसायटीतली घरं किती, गाड्या किती, टू-व्हीलर किती, एवढे तीन आकडे मोजा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. शहराचं नाव सांगायला विसरू नका. नाशिक, नागपूर, कोल्हापूरवाल्यांचे आकडे मला खास हवेत, कारण तिकडे काय चाललंय हे आम्हा मुंबईकरांना कधी कळतच नाही. चला, माझं स्टेशन आलं.